मालकाचं म्हणणं आणि यंत्राचं काम

 

मागच्या वेळी आपण शब्दप्रमाणावर बोलत होतो. दुसऱ्यानं सांगितलेलं खरं मानायचं ते कशाच्या आधारावर, हा तो प्रश्न. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्यानं विचारलं, "सर, व्हिडिओच्या कामासाठी दोन लाखांचा कॉम्प्युटर घ्यायचा आहे. ज्यांनी घेतला त्यांचे अभिप्राय वाचतो, तर अर्धे म्हणतात घ्या आणि अर्धे म्हणतात घेऊ नका. इथे तुमचं शब्दप्रमाण काय म्हणतं?" सगळे हसले. आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र वाटलं, की प्रश्न चेष्टेचा नव्हता. आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न आहे.

आपलं भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव. दुकानात गेल्यावर आपल्याकडची बाई गुंड नुसता बघून घेत नाही. बोटानं टिचकी मारते, आवाज ऐकते, हातात तोलून बघते. 'वाजवून घेणं' हा शब्दप्रयोग आपल्याला शिकवावा लागत नाही. तरीही एक गोष्ट दुकानात कळत नाही. कल्हई किती दिवस टिकेल, आणि त्यात ठेवलेलं ताक कधी कळकेल, हे घरी नेल्यावरच कळतं. म्हणजे भांड्याच्या परीक्षा दोन. एक विकत घेताना, आपल्या हातानं. दुसरी वापरताना, महिन्यामहिन्यांनी. ही दुसरी परीक्षा आपल्याला आधीच हवी असते, म्हणून आपण शेजारणीला विचारतो, "तुमचा गुंड कसा निघाला?"

महागड्या कॉम्प्युटरचं तसंच आहे, फक्त तो वाजवून घेता येत नाही. पत्र्याच्या पेटीला टिचकी मारून आतलं काही कळत नाही. दुकानदार आकडे सांगतो: इतके कोर, इतकी रॅम, इतक्या जीबीचं ग्राफिक कार्ड. आकडे खरे असतात, पण आपल्या कामाला त्यांचा उपयोग किती हे त्यांतून समजत नाही. मग आपण मालकाकडे वळतो. 'मालकाचा अभिप्राय' हा आज एक लेखनप्रकारच झाला आहे. कादंबरीची, नाटकाची जशी समीक्षा होते, तशी या लेखनाचीही व्हायला हवी, कारण त्याच्यावर विसंबून लोक आपली वर्षाची कमाई खर्च करतात.

न्यायदर्शनात शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त कोण? वात्स्यायनाच्या भाष्याचा आशय घेतला तर दोन अटी निघतात. सांगणाऱ्याला ती वस्तू साक्षात माहीत हवी, आणि जशी माहीत आहे तशीच सांगण्याची त्याची इच्छा हवी. याच भाष्यात असंही म्हटलं आहे, की ही लक्षणं ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छालाही सारखीच लागू पडतात. म्हणजे सांगणाऱ्याची जात, पदवी, प्रतिष्ठा बघायची नाही. त्यानं पाहिलं का, आणि पाहिलं तसं सांगतो का, एवढंच बघायचं. आता या दोन अटी कॉम्प्युटरच्या मालकाला लावू या.

पहिली अट. मालकाला यंत्र साक्षात माहीत आहे का? वरवर पाहता आहे, त्याच्या टेबलावरच आहे ते. पण किती दिवसांपासून? बरेचसे अभिप्राय पहिल्या पंधरवड्यात लिहिले जातात. खोका उघडला, वायरी जोडल्या, दोन फाइली चालवून बघितल्या, की अभिप्राय तयार. ही टिचकीच झाली. कल्हईचं काही कळायला अजून अवकाश आहे.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. अ‍ॅपल कंपनीनं २०१३ मध्ये नवा मॅक प्रो आणला. काळा, गोल, जेमतेम २५ सेंटिमीटर उंचीचा नळकांड्यासारखा कॉम्प्युटर. चित्रपट आणि संगीताचं काम करणाऱ्यांसाठी तो होता. पहिल्या महिन्यांत त्याच्या देखणेपणाचं आणि शांतपणाचं कौतुक झालं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या नळकांड्याची आतली रचना दोन मध्यम ग्राफिक कार्डांची उष्णता बाहेर टाकण्यासाठी केलेली होती. पुढे कामाची गरज बदलली. एकच पण फार ताकदीचं कार्ड लोकांना हवं झालं, आणि ते त्या रचनेत बसेना. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीच्या वरिष्ठांनीच काही पत्रकारांना बोलावून हे मान्य केलं. नवा मॅक प्रो आला तो डिसेंबर २०१९ मध्ये. त्यात पुन्हा मोठी पेटी, पुन्हा कार्डं बदलायची सोय. २०१३ च्या डिसेंबरात ज्यांनी अभिप्राय दिला ते खोटं बोलत नव्हते. यंत्र म्हणजे काय हे कळायला जेवढा काळ लागतो, तेवढा त्यांच्याकडे अजून नव्हता.

दुसरी अट जास्त अवघड आहे. जसं आहे तसं सांगण्याची इच्छा मालकाला असते का? त्याला कुणी लाच दिलेली नसते, तरी त्याचे स्वतःचे पैसे त्यात अडकलेले असतात. जॅक ब्रेम नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९५६ मधला एक प्रयोग आहे. त्यानं विद्यार्थिनींना घरगुती वस्तू दाखवून प्रत्येकीला गुण द्यायला सांगितले. मग त्यांतल्या दोन समोर ठेवून एक निवडायला लावली, आणि नंतर पुन्हा गुण विचारले. निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले, सोडलेल्या वस्तूचे घसरले. वस्तू त्याच होत्या. मधे काय घडलं? निवड. पुढच्याच वर्षीचा आणखी एक अभ्यास आहे, नव्या मोटारमालकांचा. मोटार घेतल्यानंतर लोक जाहिराती वाचतात त्या आपण घेतलेल्याच मोटारीच्या. निर्णय झाल्यावर त्याला आधार शोधण्याची ही ओढ. आपल्याकडे लग्नानंतर जावयाचं कौतुक वाढतं, ते काही वेगळं नाही.

पैसा जितका जास्त, तितकी ही ओढ जास्त असण्याचा संभव. २०२२ मध्ये मॅक स्टुडिओ भारतात आला तेव्हा साध्या प्रकाराची किंमत १,८९,९०० रुपये होती आणि एम१ अल्ट्रा चिप असलेल्या प्रकाराची ३,८९,९००. चार लाख देऊन "आपलं चुकलं" असं कोण म्हणेल? शिवाय त्या यंत्राची रॅम चिपमध्येच बसवलेली, नंतर वाढवता येत नाही. पुढच्या सात-आठ वर्षांत आपलं काम किती वाढेल याचा अंदाज विकत घेण्याच्या दिवशीच करावा लागतो. अंदाज कमी पडला तर मालक ते कबूल करायला नाखूश असतो, जास्त झाला तर त्याहूनही नाखूश.

आता आमच्याकडे वळतो. दुसऱ्याच्या साक्षीची चिकित्सा करायची आणि स्वतः गप्प बसायचं, हे बरं नव्हे.

२०२२ च्या दिवाळीनंतर आम्ही असाच एक मोठा डेस्कटॉप घेतला. नागपूरला जुळवून घेतला. ६४ जीबी रॅम, चांगलं ग्राफिक कार्ड, मोठा मॉनिटर, यूपीएस धरून दोन लाख पस्तीस हजार. कुठल्या कंपनीचे भाग आहेत ते सांगत नाही. जाहिरात नको आणि बदनामीही नको. 'आम्ही' म्हणतो ते नुसतं व्याख्यात्याचं आम्ही नाही. पैसे पेन्शनमधून आमचे गेले. काम करतो तो आमचा भाचा. आणि आवाज बरोबर लागला की नाही हे ठरवते ती पत्नी, कारण तिनं आयुष्यभर शाळेत संगीत शिकवलं. तिघांचं मत एक नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

घेतला कशासाठी? १९८९ पासून आमच्याकडे दंडारीच्या कॅसेटी साठल्या होत्या. साकोली, लाखांदूर, पवनी भागातल्या गावांमध्ये मंडईच्या रात्री ध्वनिमुद्रित केलेल्या. पुढे कॅमेरा आला, तेव्हाचे व्हिडिओ. झाडीपट्टीच्या नाटकांना आता बाहेरही मान आहे. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या चारही जिल्ह्यांत आनंद झाला. पण वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांकडे निदान तिकीटविक्री तरी आहे. गावातल्या दंडारीकडे तेही नाही. म्हातारे कलावंत गेले की त्यांचा आवाज गेला. कॅसेटला बुरशी लागते, फीत चिकटते. हे सगळं स्वच्छ करून ठेवायचं, हा आमचा हेतू.

पहिल्या महिन्यात आम्हीही तेच केलं जे सगळे मालक करतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला वेग दाखवला. दीड तासाचा व्हिडिओ तयार करायला जुन्या लॅपटॉपला अख्खी रात्र लागायची, आणि मधे लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून. नव्या यंत्रावर तेच काम पंचवीस मिनिटांत. हे खरं आहे, आजही खरं आहे. कुणी विचारलं असतं तर आम्ही पाचपैकी पाच तारे दिले असते.

मग तीन गोष्टी घडल्या.

पहिली टाळांची. कॅसेटमधली खरखर काढायला एक प्रोग्राम आहे. तो आवाज ऐकतो, कुठला भाग नको असलेला आहे हे स्वतः ठरवतो आणि काढतो. जुन्या लॅपटॉपवर हे इतकं हळू चालायचं, की भाचा एकेक तुकडा घेऊन, ऐकून, हातानं करायचा. नव्या यंत्रावर त्यानं चाळीस कॅसेटी रांगेत लावल्या आणि झोपायला गेला. सकाळी सगळ्या तयार. आवाज काचेसारखा स्वच्छ. लाखांदूर तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या कलावंताला आम्ही त्याची १९९३ ची दंडार ऐकवायला घेऊन गेलो. त्यानं डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाला, "माहे टार कुठी गेले जी?"

टाळ. टाळाचा ठोका होता, पण त्याच्यामागची ती लांबत जाणारी झंकार गेली होती. प्रोग्रामला ती खरखरीसारखी वाटली असणार. आम्हा तिघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तिघांपैकी कुणी पूर्ण ऐकलंच नव्हतं. पत्नीनं घरी येऊन मूळ कॅसेट लावली आणि दोन दिवस आमच्याशी नीट बोलली नाही. मूळ कॅसेटी फेकल्या नव्हत्या म्हणून बचावलो.

इथे दोष यंत्राचा का? आमच्या मते नाही. पण अभिप्रायात ही गोष्ट यायला हवी, कारण वेगाबरोबर ती आली. पूर्वी यंत्र हळू होतं म्हणून ऐकणं सक्तीचं होतं. वेग आला आणि ऐकणं ऐच्छिक झालं. जे ऐच्छिक झालं ते आम्ही केलं नाही. 'रात्रभराचं काम पंचवीस मिनिटांत' असं लिहिणारा मालक वाचलेल्या वेळाचं काय केलं हे लिहीत नाही. तो वेळ ऐकण्याला दिला तर यंत्र स्वस्त पडलं. आणखी चाळीस कॅसेटी रांगेत लावण्याला दिला तर महाग पडलं.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. बोललेलं आपोआप लिहून देणारा एक प्रोग्राम आम्ही वापरून पाहिला. दंडारीतले संवाद कागदावर यावेत म्हणून. मराठी त्याला छान येतं. पण आपल्या झाडीबोलीत ळ नाही, ण नाही. आपण डोळ्याला 'डोरा' म्हणतो, पाण्याला 'पानी'. त्या प्रोग्रामनं प्रत्येक डोऱ्याचा डोळा केला आणि प्रत्येक पानीचं पाणी. कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मी शुद्ध केलं. शाळेत आमच्या पिढीला मास्तरांनी छडी मारून जे केलं, ते यानं तासाला काही हजार शब्दांच्या गतीनं केलं. भाच्याचं म्हणणं पडलं, "मामाजी, मराठी तं बरोबरच आहे न." मराठी बरोबर होतं. आम्हाला जे जपायचं होतं ते मात्र त्यात उरलं नव्हतं. शेवटी ते काम पुन्हा हातानं सुरू केलं. त्याला महाग यंत्र लागत नाही, कान आणि वही पुरते.

तिसरी गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती या हॉलमधल्या प्रत्येक लिहिणाऱ्याशी संबंधित आहे. २००४ मध्ये आम्ही झाडीबोलीच्या सुमारे चार हजार शब्दांचा संग्रह भंडाऱ्यातल्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतला होता. पैसे संपले, छापायचं राहिलं. सीडी कपाटात पडून होती. नव्या यंत्रात ती घातली. फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं आणि स्वल्पविराम यांची खिचडी. चार हजार शब्दांपैकी एकही वाचता येईना.

हे काय झालं? त्या काळी मराठी टाइप करायची व्यवस्था अशी होती, की कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ते इंग्रजी अक्षरंच असायची. फक्त फॉन्टमध्ये त्या अक्षराच्या जागी आपल्या अक्षराचा आकार काढलेला असे. फॉन्ट आहे तोवर 'क' दिसतो; फॉन्ट काढला की खालचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, म्हणून एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये वाचता येत नसे. युनिकोडनं हा प्रश्न सोडवला. तिथे देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' चा २३२५. तो क्रमांक कुठल्याही फॉन्टमध्ये 'क' च राहतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि देवनागरी त्यात पहिल्यापासून आहे. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' फॉन्टही आला होता. पण आपल्याकडच्या छपाईच्या दुकानांत काम चालायचं ते पेजमेकरवर, जुन्या फॉन्टांत. पेजमेकर १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी आलं, त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, तरी दुकानांत ते पुढे कितीतरी वर्षं चाललं. लग्नपत्रिका, नाटकाची पोस्टरं, सहकारी संस्थांचे अहवाल, सगळं त्यात.

आमचं यंत्र एका सेकंदात किती गणितं करतं ते खोक्यावर छापलेलं आहे. पण २००४ चा 'डोरा' त्याला वाचता आला नाही.

तो डीटीपीवाला अजून भंडाऱ्यातच आहे. दुकानात मागच्या खोलीत त्याचा जुना कॉम्प्युटर प्लास्टिकच्या कव्हरखाली आहे. मागच्या बाजूला फॉन्टच्या प्रोग्रामचं ते छोटं लॉक लावलेलं, जे काढलं की काहीच चालत नाही. सुरू व्हायला चार मिनिटं लागली. पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. पण फाइल उघडली. चारही हजार शब्द, जसेच्या तसे, आमच्या त्या वेळच्या चुकांसकट. त्यानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "सर, हा मशीन मी भंगारात देत नाही, तो याच्यासाठीच. महिन्यातून एखादा तरी येतेच."

मंडळी, हाही मालकच. याचा अभिप्राय कुणी विचारला आहे का? ज्या यंत्राला भंगारवाला हजार रुपये देणार नाही, त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. आणि आप्ताच्या दोन्ही अटी हा माणूस आमच्यापेक्षा चांगल्या पूर्ण करतो. यंत्र त्याला वीस वर्षांपासून साक्षात माहीत आहे. आणि त्याबद्दल खोटं बोलण्यात त्याचा काही फायदा नाही.

इथे एक आक्षेप येईल. कुणी म्हणेल, "सर, ही तुमच्या वापराची गोष्ट झाली. यंत्र चांगलं की वाईट, ते सांगा." हा आक्षेप गंभीर आहे. त्याला असं उत्तर आहे, की कामासाठी घेतलेल्या यंत्राचे गुण कामापासून सुटे करता येत नाहीत. मॅक स्टुडिओबद्दल काही मालकांनी तक्रार केली, की पंख्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. इतर मालक म्हणाले, यंत्र चालू आहे हे कळतही नाही. दोघांत खोटं कोण? बहुधा कुणीच नाही. ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत ती शिट्टी त्रास देते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, वर पंखा, खिडकीत कूलर. तिथे यंत्रानं खरोखरची शिट्टी वाजवली तरी ऐकू येणार नाही. त्याच यंत्राचं वजनही घ्या. साधा प्रकार २.७ किलोचा, अल्ट्राचा ३.६ किलोचा, कारण उष्णता वाहून नेण्यासाठी त्यात अ‍ॅल्युमिनियमऐवजी तांबं आहे. थंड खोलीत बसणाऱ्याला ही तपशिलाची गोष्ट. भंडाऱ्यात, पितळ आणि तांबं ओळखणाऱ्या गावात, मे महिन्यात, हा मुख्य प्रश्न होऊ शकतो. म्हणून मालक कुठे बसतो, काय करतो, हे कळल्याशिवाय त्याचे तारे मोजून उपयोग नाही.

मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञानं १९२७ च्या ग्रंथात हातोडीचं उदाहरण घेतलं आहे. काम नीट चालू असतं तेव्हा सुताराचं लक्ष हातोडीकडे नसतं, कामाकडे असतं. हातोडी मोडली की ती 'दिसते'. हे अभिप्रायांना लावून बघा. जो मालक यंत्रावर खरोखर कामात बुडालेला आहे, त्याच्याकडे यंत्राबद्दल सांगण्यासारखं फार नसतं. जो सांगतो, त्याच्याकडे यंत्र एक तर नवं असतं, नाही तर बिघडलेलं. त्यामुळे आपण वाचतो ते अभिप्राय बहुतेक या दोन टोकांचे. मधली मोठी, शांत, कामाची वर्षं लिहिलीच जात नाहीत. श्रोत्याला अर्धे 'घ्या' आणि अर्धे 'घेऊ नका' दिसले, त्याचं एक कारण हे असावं.

मग करायचं काय? अभिप्राय वाचताना आम्ही आता चार गोष्टी शोधतो. यंत्र किती दिवस वापरलं? वर्षाच्या आतला असेल तर ती टिचकी समजायची. त्यावर कोणतं काम पूर्ण केलं, नावानिशी? 'व्हिडिओ मस्त चालतात' हे काम नव्हे. पैसे देणारा आणि वापरणारा एकच आहे का? नसेल तर वापरणाऱ्याला विचारायचं. आणि चौथं, काय गमावलं? वेळ, सवय, जुनी फाइल, काहीही. ज्या अभिप्रायात गमावलेलं काहीच नाही, तो अजून पहिल्याच महिन्यात आहे असं समजावं, तारीख काहीही असो.

आम्ही आमच्याच यंत्राला हे लावतो. वापर: तीन वर्षांच्या आसपास. पूर्ण झालेलं काम: बावीस दंडारी, टाळांच्या झंकारीसकट, पुन्हा पहिल्यापासून केलेल्या. वापरणाऱ्याचं मत: भाचा म्हणतो, याच्या अर्ध्या किमतीचं यंत्र पुरलं असतं, आणि उरलेल्या पैशांत चांगले हेडफोन, दोन हार्ड डिस्क आणि एक धड कॅसेट प्लेअर आला असता. आम्हाला हे मान्य करायला दीड वर्ष लागलं. घेताना दुकानदारानं "सर, पुढची दहा वर्षं बघावं लागणार नाही" म्हटलं, आणि पंचाहत्तरीकडे चाललेल्या माणसाला पुढची दहा वर्षं कुणी देऊ केली की तो किंमत बघत नाही. हे आमच्या खरेदीचं खरं कारण. ते कुठल्याच आकड्यात दिसणार नाही. पत्नीचं मत असं, की यंत्र चांगलं आहे, फक्त त्याला रात्री एकट्याला काम करू द्यायचं नाही. आता घरात नियमच आहे: फाइल तयार झाली की कुणीतरी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची, मगच मूळ कॅसेट पुन्हा डब्यात ठेवायची.

आणि शब्दसंग्रह. जुन्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, त्यातल्या एकानं बहुतेक काम केलं. पण पहिली वेलांटी, रफार आणि काही जोडाक्षरं चुकतात. कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप करत, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. त्यामुळे एकेक शब्द तपासावा लागतो. सव्वीसशे शब्द झाले आहेत. डीटीपीवाल्यानं छापून दिलेली प्रत डावीकडे, मोठा मॉनिटर उजवीकडे. या कामाला आमच्या यंत्राची शंभरातली एक टक्का ताकद लागत असेल. पण मॉनिटर मोठा आहे, आमचे डोळे आता तसे राहिले नाहीत, आणि अक्षरं मोठी करून वाचता येतात. घेताना या गोष्टीचा विचारही केला नव्हता. आज कुणी विचारलं, "तुमचा कसा निघाला?", तर आधी हेच सांगू.

ज्या तरुण श्रोत्यानं प्रश्न विचारला तो आज मागच्या रांगेत बसला आहे. बाबा, घ्यायचा की नाही ते आम्ही सांगणार नाही. आधी आमच्या घरी ये. तुझी एखादी फाइल घेऊन ये, भाच्याच्या शेजारी बस, दुपारभर स्वतः काम करून बघ. मग बाजारात त्या डीटीपीवाल्याकडे जा आणि त्यालाही विचार. दोन साक्षी झाल्या, की निर्णय तुझा.

आता प्रश्न असतील तर घेऊ. लाइन आहे तोवर.